फ्लास्कपासून पिक्सेलपर्यंत: इरिडियमच्या संयुगाने ओएलईडी उजळवायची रीत

इरिडियमचं संयुग बनवून त्याचा ओएलईडी, म्हणजे वीज दिली की उजळणारा सेंद्रिय थरांचा पातळ दिवा, करायचं हे काम नवतप्यात सुरू करू नका. मे महिन्याच्या शेवटी नागपुरात पारा ४५ च्या घरात गेला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला कढत येतं, त्यानं कंडेन्सर (वाफ थंड करून परत द्रवात उतरवणारी नळी) थंड राहत नाही. खिडकीतला कूलर खोलीत इतकी ओल सोडतो की काच गरगर फिरवून तिच्यावर पसरवलेल्या थरात ढगाळ पट्टे उमटतात. मी या दोन्ही फजित्या एकाच आठवड्यात करून घेतल्या. तेव्हापासून आमचं वेळापत्रक ठरलेलं आहे: संयुग पावसाळ्यात करायचं, डिव्हाइस दिवाळीनंतर, फेब्रुवारी सरायच्या आत. थंडीतली इथली कोरडी हवा हा आपल्याला फुकट मिळालेला ड्रायरूम आहे.

एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्यांनी किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात असणाऱ्यांनी हा लेख बाजूला उघडा ठेवून काम करावं, अशा बेतानं लिहिला आहे. शेवटी हातात येईल तो तीन मिलिमीटर बाजूचा, हिरवा उजळणारा चौकोन.

धातू कशाला लागतो

डिव्हाइसला व्होल्टेज दिलं की कॅथोडकडून इलेक्ट्रॉन आणि ॲनोडकडून होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) येतात, मधल्या थरात गाठ पडते आणि त्यांची जोडी, म्हणजे एक्सायटॉन तयार होतो. दोघांच्या स्पिनच्या मांडणीमुळे अशा १०० जोड्यांतल्या सुमारे २५ सिंगलेट आणि ७५ ट्रिप्लेट असतात. निव्वळ सेंद्रिय रेणूत ट्रिप्लेटला प्रकाश देऊन खाली उतरायची वाट जवळजवळ बंद असते, त्यामुळे ते ७५ जण उष्णता होऊन वाया जातात.

१९८७ साली कोडॅकमध्ये चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ज्या दोन थरांच्या डिव्हाइसनं हे क्षेत्र उघडलं, त्याची बाह्य क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे आत सोडलेल्या दर १०० इलेक्ट्रॉनमागे बाहेर पडणारे फोटॉन, १ टक्क्याच्या आसपास होती. त्यात उजेड देणाऱ्या अल्क्यू-थ्री या संयुगामध्ये धातू आहे, पण तो ॲल्युमिनियम. एक तर हलका, दुसरं म्हणजे तो ऑक्सिजन आणि नायट्रोजनला बांधलेला, कार्बनला नाही. काटेकोर बोलायचं तर ते ऑर्गॅनोमेटॅलिक, म्हणजे धातू थेट कार्बनला बांधलेलं संयुगच नव्हे. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगून ठेवतो.

इरिडियमचा अणुक्रमांक ७७. इतक्या जड अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती एकमेकांत गुंततात, सिंगलेट-ट्रिप्लेटमधली भिंत ढासळते आणि सगळेच १०० एक्सायटॉन प्रकाश देण्याच्या कामाला लागू शकतात. १९९८ मध्ये बाल्डो, फॉरेस्ट, थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमचं पॉर्फिरिन वापरून हे दाखवलं. १९९९ मध्ये त्याच गटानं इरिडियमला तीन फेनिलपिरिडीन जोडलेलं संयुग घेतलं आणि ८ टक्के बाह्य कार्यक्षमता गाठली. २००१ मध्ये अदाची यांच्यासह याच मंडळींनी १९ टक्क्यांपर्यंत मजल मारली. १९ हा आकडा लहान वाटतो, पण साध्या सपाट काचेतून आत तयार झालेल्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्साच बाहेर पडतो, उरलेला काच आणि थरांमध्येच अडकतो. म्हणजे आतल्या आत जवळपास प्रत्येक एक्सायटॉननं प्रकाश दिला होता.

यावरून नवख्याचा समज होतो की चांगलं संयुग मिळालं म्हणजे काम झालं. उजेड देणाऱ्या थरात हे संयुग असतं वजनानं १०० भागांत ६. उरलेले ९४ भाग, त्याच्या दोन्ही बाजूंचे थर आणि आत शिरलेली हवा हेच त्याचं नशीब ठरवतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच वाचा.

संयुग बनवणं

सुरुवातीला मी दोन फेनिलपिरिडीन आणि एक ॲसिटिलॲसिटोनेट असलेलं इरिडियम संयुग सुचवतो. तीन फेनिलपिरिडीनचं संयुग जास्त प्रसिद्ध, पण धातूभोवतीच्या मांडणीनुसार त्याची फॅक आणि मेर अशी दोन रूपं होतात. तापमान कमी पडलं तर मेर मिळतं, ते कमी उजळतं, आणि मग दोन्ही वेगळी करत बसावं लागतं. ॲसिटिलॲसिटोनेटवालं सौम्य तापमानाला होतं आणि २००१ च्या त्या १९ टक्क्यांच्या डिव्हाइसमध्ये हेच होतं.

पहिला टप्पा नोनोयामा यांच्या १९७४ च्या पद्धतीचा. इरिडियम ट्रायक्लोराइड ट्रायहायड्रेट ०.३५ ग्रॅम, म्हणजे १ मिलिमोल. २-फेनिलपिरिडीन २.५ मिलिमोल, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिलिटर. द्रावक म्हणून २-इथॉक्सिइथेनॉल १५ आणि पाणी ५ मिलिलिटर. आधी १५-२० मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडा, मग नायट्रोजनखालीच २४ तास रिफ्लक्स, म्हणजे कंडेन्सर लावून उकळत ठेवणं. काळपट द्रावण हळूहळू पिवळं होतं आणि पिवळा साका बसतो. हा क्लोरिनच्या पुलानं जोडलेला डायमर, म्हणजे जोडरेणू. थंड करून पाणी घाला, गाळा, पाण्यानं आणि नंतर थोड्या थंड इथेनॉलनं धुवा, व्हॅक्युममध्ये रात्रभर वाळवा.

२-इथॉक्सिइथेनॉल प्रजननसंस्थेला घातक आहे आणि कातडीतून शरीरात जातं. धुराड्याबाहेर (फ्यूम हूडबाहेर) त्याची बाटली उघडायची नाही, हातमोजे भिजले तर लगेच बदलायचे. गरोदर असलेल्या किंवा तसा विचार असलेल्या मैत्रिणीनं हा टप्पा दुसऱ्याकडे सोपवावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

कंडेन्सरचं आमचं उत्तर फार साधं आहे. बादलीत बर्फ-पाणी आणि त्यात कूलरचा छोटा पंप. बाजारात तो कुठेही मिळतो, पाणी फिरत राहतं आणि २४ तास नळ वाहत नाही. मात्र रात्री वीज गेली तर पंप आणि हीटर दोन्ही बंद पडतात, आणि वीज परत आली की हीटर आपोआप सुरू होतो, पण पाण्यात बुडून बसलेला पंप कधीकधी अडकतो. दोन्ही एकाच स्विचवर घेऊ नका, आणि रात्री कोणी तरी थांबाच.

दुसऱ्या टप्प्यात डायमर ०.२७ ग्रॅम म्हणजे पाव मिलिमोल, ॲसिटिलॲसिटोन ०.०७ मिलिलिटरच्या आसपास, निर्जल सोडियम कार्बोनेट ०.२६ ग्रॅम आणि २-इथॉक्सिइथेनॉल १० ते १५ मिलिलिटर. नायट्रोजनखाली १२ ते १५ तास रिफ्लक्स. थंड झाल्यावर गाळून पाणी आणि हेक्झेननं धुवा, मग डायक्लोरोमिथेन वापरून सिलिकाच्या छोट्या कॉलममधून काढा. पुढे पिवळा पट्टा येतो, तोच आपला. वर अडकलेलं तपकिरी काही असेल तर तिथेच राहू द्या, लोभ करू नका.

गाळलेलं द्रव आणि धुवण फेकू नका. इरिडियम पृथ्वीच्या कवचातल्या सर्वांत दुर्मिळ मूलद्रव्यांपैकी एक. एका बाटलीवर नाव लिहून सगळा कचरा त्यातच जमा करा.

खरं संयुग की नुसता पिवळा रंग

३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा घ्या. डायमर फारच मंद चमकतो, शेवटचं संयुग मात्र दिव्याखाली हिरवंगार उठून दिसतं. दोन्हींची चिमूटभर द्रावणं शेजारी ठेवली तर टप्पा झाला की नाही ते डोळ्यांनीच कळतं.

दुसरी तपासणी मला सर्वांत आवडते. परीक्षानळीत संयुगाचं पातळ द्रावण घ्या. हवेत ते बेताचंच चमकेल. आता त्यात दहा मिनिटं नायट्रोजन सोडा आणि दिव्याखाली धरा: उजेड कित्येक पटींनी वाढलेला असतो. हवेतला ऑक्सिजन स्वतः ट्रिप्लेट अवस्थेत असतो आणि आपल्या ट्रिप्लेटची ऊर्जा ओढून घेतो. डिव्हाइसला हवाबंद झाकण का हवं, हे यानंतर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी तपासणी) ड्यूटेरिअमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये ५.२ पीपीएमजवळ एका हायड्रोजनची आणि १.८ जवळ सहा हायड्रोजनची सरळ शिखरं हवीत, ही ॲसिटिलॲसिटोनेटची. ८.५ ला दोन हायड्रोजनची दुहेरी रेषा, ही पिरिडीनची. आपल्याकडे यंत्र बंद असेल तर आयआयटी मुंबई किंवा चंदीगडच्या सैफ या सामायिक उपकरण केंद्रात शुल्क भरून नमुना पाठवता येतो. सोय असेल तर व्हॅक्युममध्ये संप्लवन करून घ्याच. डायमरचा उरलेला क्लोरिन डिव्हाइसचं आयुष्य खातो, आणि एनएमआरमध्ये तो नेहमीच दिसेल असं नाही.

शेजारी कोण असावा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण इथली चूक पुढे कितीही स्वच्छ काम केलं तरी भरून निघत नाही.

हिरव्या इरिडियम संयुगाची ट्रिप्लेट पातळी सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याला ज्या पदार्थात विरघळवायचं, म्हणजे होस्ट, त्याची ट्रिप्लेट पातळी याहून वर हवी. खाली असेल तर ऊर्जा उताराच्या पाण्यासारखी होस्टकडे वाहून जाते आणि तिथे विझते. सीबीपी या नेहमीच्या होस्टची पातळी सुमारे २.५६, हिरव्याला पुरते. एफआयआरपिक या निळ्या इरिडियम संयुगाची २.६ च्या वर, तिथे सीबीपी तोकडा पडतो आणि २.९ चा एमसीपी घ्यावा लागतो. एकच होस्ट तिन्ही रंगांना चालवणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो.

होस्टइतकेच दोन्ही बाजूंचे थरही बघा. अल्क्यू-थ्रीची ट्रिप्लेट पातळी २ च्या आसपास. तो उजेडाच्या थराला थेट चिकटवला की कडेचे एक्सायटॉन तिकडे गळतात. म्हणून १९९९ च्या डिव्हाइसमध्ये मध्ये बीसीपी या पदार्थाचा अडवणारा थर घातला होता. आपण इलेक्ट्रॉन वाहणारा टीपीबीआय वापरू, त्याची पातळी २.७ च्या आसपास. होलच्या बाजूचा लाडका एनपीबी २.३ चा, तो हिरव्यालाही थोडा खातो. त्या जागी टीसीटीए बरा.

आता प्रमाण. तर्री-पोह्यात वरून तर्री जितकी जास्त तितकं गिऱ्हाईक खूश, इथे तसं नाही. संयुग फार कमी पडलं तर होस्ट स्वतःच उजळतो. फार झालं तर संयुगाचे रेणू एकमेकांना चिकटून एकमेकांना विझवतात. ५ ते ८ टक्क्यांमध्ये बहुतेक वेळा शिखर सापडतं, पण तुमच्या होस्टमध्ये ते कुठे आहे ते २, ४, ६, ८, १० अशी मालिका करूनच ठरवा.

अनेक स्रोतांचं बाष्पीभवन यंत्र इथे बहुतेकांकडे नसतं. म्हणून उजेडाचा थर द्रावणातून: पीव्हीके ६४ भाग, पीबीडी ३० भाग, संयुग ६ भाग. पीव्हीके हा पॉलिमर होल वाहतो, पीबीडी हा छोटा रेणू इलेक्ट्रॉन. ३ मिलिलिटर क्लोरोबेन्झिनसाठी पीव्हीके १९.२, पीबीडी ९ आणि संयुग १.८ मिलिग्रॅम. हे १.८ मिलिग्रॅम तराजूवर नेमकं पकडायला जाऊ नका, नेहमीच्या तराजूची चूकच त्यात भरून जाते. संयुगाचं १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असं साठ्याचं द्रावण करा, त्यातलं १.८ मिलिलिटर मोजून घ्या, उरलेलं १.२ मिलिलिटर साधं द्रावक. मालिकेतले बाकीचे नमुनेही याच साठ्यातून करा. त्यासाठी साठा थोडा जास्त दाट केला तरी चालेल.

काच आणि पहिले दोन थर

आयटीओ काच, म्हणजे पारदर्शक, वीज वाहणारा थर (आपला ॲनोड) दिलेली काच, चौरसाला १५ ओहमची. ठेवायचा भाग टेपनं झाका, उघड्या भागावर जस्ताची पूड आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन मिनिटांत आयटीओ निघतं. मग साबणपाणी, शुद्ध पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल, प्रत्येकात १५ मिनिटं अल्ट्रासॉनिक. नायट्रोजननं उडवून वाळवा, १५-२० मिनिटं यूव्ही-ओझोन. त्यानंतर काच ताबडतोब वापरायची. चहाला गेलात तर ओझोन पुन्हा.

पेडॉट-पीएसएस (ॲनोडकडून होल आत सोडणारा पॉलिमर) फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून थेट काचेवर गाळा, मिनिटाला ३ ते ५ हजार फेऱ्या. ४० नॅनोमीटरच्या आसपास थर बसतो. १२० ते १५० अंशांवर १५ मिनिटं भाजा. हा पदार्थ ओल ओढून घेतो, म्हणून गरम काच थेट ग्लव्हबॉक्समध्ये (कोरड्या नायट्रोजनच्या बंद पेटीत) न्या. ग्लव्हबॉक्स नसेल तर निदान कूलर बंद ठेवा आणि आर्द्रतामापकाचा आकडा रोज वहीत लिहा. एका वर्षी आमच्या जुलैच्या सगळ्या नमुन्यांचं गणित त्या एका रकान्यावरूनच सुटलं.

उजेडाचा थर मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांवर, नंतर ८० अंशांवर अर्धा तास. जाडी ७० ते ८० नॅनोमीटर हवी. ती प्रोफाइलोमीटरनं मोजा, अंदाजानं लिहू नका.

व्हॅक्युममधले थर आणि झाकण

दाब ५ गुणिले १० चा उणे सहावा घात मिलिबारच्या खाली गेल्याशिवाय सुरुवात नको. टीपीबीआय ३० ते ४० नॅनोमीटर, सेकंदाला १ अँगस्ट्रॉम. लिथियम फ्लोराइड फक्त १ नॅनोमीटर, तेही सेकंदाला ०.१ अँगस्ट्रॉमच्या चालीनं. तो विद्युतरोधक आहे, जाड झाला की इलेक्ट्रॉनचा रस्ताच बंद. मग मास्कमधून १०० नॅनोमीटर ॲल्युमिनियम, सुरुवातीला सावकाश, थर धरला की चाल वाढवा. जाडी दाखवणारा क्रिस्टल खरं बोलतो की नाही ते आधी एका कोऱ्या काचेवर थर टाकून तपासा. टूलिंग फॅक्टर (काचेवरच्या आणि क्रिस्टलवरच्या जाडीचं गुणोत्तर) चुकीचा असेल तर तुमचा १ नॅनोमीटर प्रत्यक्षात ३ असू शकतो.

यंत्रच नसेल तर बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयएनयूपी (तिथली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची यंत्रं वापरू देणारी) योजना आहे. तिकडे जाताना संयुग, द्रावणाची कृती आणि काचा इथूनच तयार करून न्या.

झाकणाला दुसरी काच, कडेनं यूव्हीनं घट्ट होणारं इपॉक्सी, आत कॅल्शियम ऑक्साइडसारखा ओलशोषक. इपॉक्सी कडक करताना पिक्सेल ॲल्युमिनियमच्या फॉइलनं झाका, नाहीतर त्याच यूव्हीनं थर भाजतो.

मोजमाप

० ते १२ व्होल्ट, अर्ध्या व्होल्टच्या पायरीनं, प्रत्येक पायरीला करंट आणि दीप्ती. अंधाऱ्या खोलीत. कँडेला प्रति अँपिअर काढताना पिक्सेलचं क्षेत्रफळ मास्कवर छापलेलं घेऊ नका, सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. कडा पसरलेल्या असतात.

आकडा पटण्यासारखा आहे का, याची एक झटपट कसोटी: १९९९ च्या डिव्हाइसमध्ये ८ टक्क्यांना २८ कँडेला प्रति अँपिअर होते, म्हणजे या हिरव्या रंगात १ टक्क्याला साधारण साडेतीन. काचेवर लेन्स किंवा प्रकाश बाहेर काढणारी फिल्म न लावता तुमचा आकडा ८० च्या पुढे गेला, तर पेढे वाटण्याआधी क्षेत्रफळ आणि मीटर पुन्हा बघा. या सोप्या रचनेत पहिल्या फेरीत १० मिळाले तरी मी पाठ थोपटतो.

करंट वाढवला की कार्यक्षमता घसरते. ट्रिप्लेट एकमेकांवर आदळून विझतात, आणि ते जितका वेळ रेंगाळतात तितके जास्त आदळतात. इरिडियमच्या संयुगात ते मायक्रोसेकंदभर थांबतात, प्लॅटिनम पॉर्फिरिनमध्ये १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास. नागपुरात विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आणि लक्ष्मीनारायण संस्थेत युरोपियमच्या लाल संयुगांवर बरंच काम झालं आहे. ६१२ नॅनोमीटरची त्यांची अरुंद रेषा रंगाच्या शुद्धतेला फार सुंदर, पण उजेड शेकडो मायक्रोसेकंद रेंगाळतो, म्हणून मोठ्या करंटला ती लवकर दमतात. युरोपियमही ऑक्सिजन-नायट्रोजनलाच बांधलेला, हे आता सांगायला नको.

बिघाड कुठे आहे

वर्णपटात ५२० च्या शिखरासोबत ४२० जवळ निळसर कुबड दिसलं तर पीव्हीके स्वतः उजळतो आहे. संयुग कमी पडलं, किंवा नीट विरघळलं नाही. शिखर पिवळ्याकडे सरकून पसरलं तर उलटं, रेणूंचे गठ्ठे झाले. प्रमाण कमी करा आणि द्रावण गाळून घ्या.

उजेड सुरू व्हायच्या आधीच, २ व्होल्टलाच करंट भरपूर वाहत असेल तर धूळ किंवा आयटीओची उभी कड. आमच्याकडे तर एकदा काच कापताना उडालेले कण काचेवरच राहिले होते. काळे ठिपके रोज मोठे होत असतील तर ओल शिरते आहे, झाकणाची एक बाजू सुटलेली असणार. ठिपके पहिल्या मिनिटापासून असतील आणि वाढत नसतील तर पेडॉटच्या गाळणीकडे बघा.

करंट आहे, ठिपके नाहीत, वर्णपट बरोबर आहे आणि तरी उजेड कमी: अशा वेळी पोरं नवीन संयुग बनवायला धावतात. थांबा. तोच थर काचेवर एकटा टाकून नायट्रोजनखाली यूव्ही दिव्यात धरा. तो झकास उजळत असेल तर संयुग निर्दोष आहे, दोष बाजूच्या थरात किंवा इलेक्ट्रॉन-होलच्या तोलात आहे. मग पीबीडीचं प्रमाण ५ भागांनी खालीवर करा, आणि टीपीबीआय २०, ४० आणि ६० नॅनोमीटरचा घालून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक बदलाचे किमान चार पिक्सेल मोजा.

हिरवं जमल्यावर लालकडे जाणं सोपं: फेनिलपिरिडीनच्या जागी फेनिल-आयसोक्विनोलिन घेतलं की रंग ६२० कडे सरकतो, ट्रिप्लेट पातळी खाली येते आणि होस्ट निवडायला मोकळीक मिळते. निळ्याला हात लावायच्या आधी मात्र ग्लव्हबॉक्सची सोय करा. निळी ट्रिप्लेट ऊर्जा इतकी वर असते की ती स्वतःचेच बंध तोडू शकते. मोबाइलच्या पडद्यांमध्ये लाल-हिरव्यासाठी इरिडियमची संयुगं केव्हाच रुळली तरी निळ्यासाठी बहुतेक जण साधी फ्लुओरेसंट द्रव्यंच वापरत राहिले, ते याच कारणानं.